कुकरनंतरचे हात

सरांनी माझं मनगट धरलं आणि माझी बोटं प्लेटवर दाबली.

प्लेट म्हणजे काचेची चपटी, झाकणवाली बशी. तिच्यात पिवळसर काहीतरी थिजवून ठेवलेलं असतं. जंतूंचं खाणं ते. हाताला गार लागतं, बुळबुळीत लागतं. माझी पाचही बोटं त्यात टेकली. मनगट धरायच्या आधी सरांनी रबरी मोजे घातले होते. ते घालताना मी पाहिलं.

"अजून दाबा," सर म्हणाले. "भाकरी थापता तसं."

पोरं हसली. एम.एस्सी.ची बावीस पोरंपोरी टेबलाभोवती उभी होती. गोड्या पाण्याचं संशोधन आणि पर्यावरणाचं व्यवस्थापन, असा त्यांचा अभ्यास. मी त्यांच्या बाटल्या धुणारी.

सरांनी झाकण लावलं. वर मार्करनं लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं. "अटेंडंट. उजवा हात. धुण्याआधी."

धुण्याआधी. सकाळी आठपासून मी बाटल्याच धूत होते. हाक आली तेव्हा हात साबणाच्या पाण्यातून काढून आले होते. बोटांची कातडी सुरकुतली होती.

"आपली ब्लँक का बिघडली, ते परवा कळेल," सर वर्गाला म्हणाले. "पाण्याचा अभ्यास करताना माणसाचं राहणीमान विसरायचं नाही."

मग मोजे काढले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. डबा नंतर मीच रिकामा केला.

मी काही बोलले नाही. हे आधीच सांगते. नंतर बोलले, ते सांगायला सोपं आहे. त्या दिवशी मी गप्प उभी राहिले आणि पदराला हात पुसला, जणू काही लागलंच होतं त्याला.

एकवीस वर्षं मी शहरातल्या त्या कॉलेजात काम केलं. एजन्सीची माणूस, कायम कधीच केलं नाही. चितेगावच्या पुढं, पैठण रस्त्याला आमची वस्ती आहे. तिथून रोज एसटीनं संभाजीनगरला यायचं. आमच्या वस्तीत घराघरात बुद्धाची मूर्ती आणि निळ्या कोटातला फोटो आहे. तो फोटो ज्यांचा, त्यांनी आमच्या लोकांना तळ्याचं पाणी प्यायला नेलं होतं. मी हे कॉलेजात कधी कुणाला सांगितलं नाही. सरांना न सांगता माहीत होतं. त्यांना सगळ्यांचं माहीत असायचं.

काम मला खान चाचांनी शिकवलं. ते तिथले जुने अटेंडंट. आता गेले. चाचांनी पहिल्या दिवशी मला कुकर दाखवला. कुकरच तो, फक्त माझ्या कमरेएवढा उंच. इंग्रजी नाव वेगळं आहे, पण मी कुकरच म्हणते. बाटल्या धुवायच्या, वाळवायच्या, बुचावर कागद बांधायचा आणि कुकरमध्ये लावायच्या. आत वाफ इतकी कडक होते की एक जंतू जिवंत राहत नाही.

आणि पट्टी. बाटलीवर एक चिकटपट्टी लावायची. जाताना ती साधी असते. वाफ नीट बसली की तिच्यावर काळ्या रेघा उमटतात. चाचा म्हणाले, "पट्टी काली हुई तो काम हुआ, बाई. नहीं हुई तो साहब बोले तो भी बाटली देना नहीं."

"साहेब रागावले तर?"

"तो पट्टी दिखाना. पट्टी किसी की नोकर नहीं."

तेव्हापासून दर घाण्याची एक पट्टी मी वहीत चिकटवत आले. खाली तारीख. तेवढं लिहिता येतं मला. चौथीपर्यंत शाळा झाली. पोरं हसायची, "मावशीचा अल्बम" म्हणायची. हसू दे.

आता ती ब्लँक काय, ते सांगते. पोरं पाणी आणायला बाहेर जातात तेव्हा एक बाटली उकळलेलं, मेलेलं पाणी सोबत नेतात. कुठलंही पाणी तिच्यात भरायचं नाही. नुसती न्यायची आणि आणायची. परत आल्यावर सगळ्या बाटल्यांबरोबर तीही तपासायची. तिच्यात काही निघालं नाही पाहिजे. निघालं, तर दोष विहिरीचा नाही, आपलाच. मग त्या दिवशीचं सगळं पाणी बाद.

ते बाद झालेलं पाणी माझ्या वस्तीचं होतं. आणि ते तपासा असं मीच सांगितलं होतं.

आमच्या वस्तीला एक विहीर. तिच्या वरच्या अंगाला एका कंपनीच्या कामगारांची लेबर कॉलनी झाली. त्यांच्या संडासाची टाकी विहिरीपासून इतकी जवळ की बोलल्यावर ऐकू येईल. त्या पावसाळ्यात विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला. कसला, ते सगळ्यांना कळत होतं आणि बोलत कुणी नव्हतं. बायका फडकं दुहेरी करून गाळायच्या. फडक्याला चिकट साय राहायची. तेच पाणी आम्ही पीत होतो. मग कावीळ आली. माझी नात सोळा दिवस घाटीच्या सरकारी दवाखान्यात होती. डोळे हळदीसारखे. तिला लागलेली सलाईनची सुई मी पाहत बसायचे आणि विचार करायचे, मी पाण्याच्या डिपार्टमेंटात काम करते. एकवीस वर्षं.

ग्रामसेवकाकडं आम्ही बायका दोनदा गेलो. तो म्हणाला, "पाणी घाण हाय ह्याला पुरावा काय? वास आला म्हणून टाकी हलवायची का?"

म्हणून मी सरांकडं गेले. हात जोडले. हेही सांगून टाकते. मी म्हणाले, सर, तुमच्या पोरांना कुठून तरी पाणी आणावंच लागतं, आमच्या विहिरीचं आणा. सरांनी थोडा विचार केला. ऋतुजा नावाची एक विद्यार्थिनी प्रबंधासाठी विषय शोधत होती. पैठण रस्त्याच्या वस्त्यांमधलं पिण्याचं पाणी, असा विषय तिला दिला. विहिरीचा निकाल ग्रामपंचायतीला लेखी कळवू, असं सर म्हणाले. मला वाटलं, झालं काम.

त्या दिवशी पोरं आधी पैठणला धरणावर गेली आणि येताना आमच्या वस्तीवर आली. मी रजा टाकून विहिरीवर उभी होते. सगळ्या बायका जमल्या. सरांना कुणीतरी पाणी पुढं केलं. त्यांनी नको म्हटलं आणि सोबतच्या सीलबंद बाटलीतलं प्यायले. त्याचं मला काही वाटलं नाही. त्या विहिरीचं पाणी मीही पाहुण्याला दिलं नसतं. पोरांनी दोरीनं बाटली सोडली, पाणी भरलं, गाडीतल्या बर्फाच्या पेटीत नेऊन ठेवलं. सर बायकांना म्हणाले, "आठ दिवसांत दूध का दूध होईल."

गंगू नावाची माझी जाऊ आहे. ती माझ्या कानात म्हणाली, "लई मोठा माणूस दिसतोय गं तुझा सर."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बर्फाची पेटी धुवायला माझ्यापुढं आली. झाकण उघडलं आणि वास आला. मासळीचा. तळाला बर्फाचं पाणी साचलेलं, गुलाबीसर, आणि त्यात खवले. मोठाले. रोहूचे. बाजूला एक फाटकी काळी पिशवी.

मला कळलं. धरणावर कोळ्यांकडून मासे घेतले. घरी नेईपर्यंत खराब होऊ नयेत म्हणून पाण्याच्या पेटीत ठेवले. आमच्या विहिरीच्या बाटल्यांना टेकून. बर्फ वितळला, मासे धुतलेलं ते पाणी पेटीत हिंदकळलं आणि बाटल्या गळ्यापर्यंत त्यात बसून शहरात आल्या. पोरांनी बुचं घट्ट लावली असतील नसतील.

कुणासाठी घेतले मासे, हे विचारायचं कारण नव्हतं. सरांना न विचारता त्या पेटीत कुणी काही ठेवलं नसतं. आणि डिपार्टमेंटात डब्यात अंडं आणायलाही याच सरांची बंदी होती. प्रयोगशाळेचं पावित्र्य, म्हणायचे. एकदा एका पोरीच्या डब्यात सुकट निघाली, तर तिला जिन्यात बसून जेवायला लावलं होतं.

मी पेटी धुतली. साबण लावून, घासून, उन्हात उपडी घातली. खवले नालीत गेले.

ही माझी चूक. कुणाला बोलवायला हवं होतं, दाखवायला हवं होतं. पण घाण दिसली की धुवायची, एवढंच माझ्या हातांना येत होतं. दुसऱ्याची घाण दिसली की जरा जास्तच लवकर.

दोन दिवसांनी नळ्या पाहिल्या. नळीत जांभळं पाणी असतं. जंतू असले की पिवळं होतं आणि आत हवेचा बुडबुडा धरतो. विहिरीच्या नळ्या पिवळ्या झाल्या. ब्लँकच्याही झाल्या. सर ब्लँकची नळी उजेडाकडं धरून बराच वेळ उभे राहिले. पुढच्या बाकावरचा एक पोरगा, धरणावर पिशवी ज्यानं धरली असणार तो, बुटांकडं बघत होता.

सर वळले आणि म्हणाले, "बाटल्या कोण धुतं?"

मग ती प्लेट.

परवा म्हणाले तसं परवा कळलं. पाच बोटांच्या जागी पाच डाग उगवले होते. पांढरे, पिवळे, एक नारिंगी. कडेला ओघळ. पिकल्या गळवासारखं दिसत होतं. सरांनी प्लेट वर्गात फिरवली. पोरांनी फोटो काढले. एक पोरगी नाकाला ओढणी लावून म्हणाली, "ईऽऽ, मावशीऽ." दुसरा म्हणाला, "मावशी, तुमच्या हाताला फुलं आली."

ती प्लेट सरांनी फेकली नाही. काचेच्या कपाटात ठेवली. दुसऱ्या वर्गालाही दाखवायची होती. कपाट पुसायचं काम माझं. रोज काच पुसायची आणि आत माझा हात.

आठ दिवसांनी ग्रामपंचायतीला पत्र गेलं. ग्रामसेवकानं पारावर वाचून दाखवलं. "नमुने हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक अस्वच्छतेमुळे सदर नमुने बाद करण्यात येत आहेत. सबब विहिरीच्या पाण्याबाबत कोणताही निष्कर्ष काढता येत नाही."

पत्राची घडी घालत तो म्हणाला, "म्हणजे विहिरीत काही निघालं नाय. आता विषय संपवा."

"आन् ते हाताचं काय?" गंगूनं विचारलं.

"ते तुमच्याच बाईला इचारा. तिच्या हातानं बाटलं समदं पाणी."

त्यानं तो शब्द वापरला. माझ्या लहानपणी हा शब्द रोजचा होता. गावच्या आडावर आम्ही हंडे ठेवून लांब उभं राहायचो. कुणाला सवड झाली की वरून ओतायचे. एकदा मी रहाटाला हात लावला. सहा वर्षांची असेन. एका म्हातारीनं ओला दोर माझ्या हातावर मारला आणि मग तोच दोर शेण लावून धुतला. ती म्हातारी निरक्षर होती. हे सर पीएच.डी. आहेत. माझ्या हाताबद्दल दोघांचं मत एकच निघालं.

आणि या वेळी तो शब्द ऐकून आमच्याच बायकांनी माझ्याकडं पाहिलं. गंगूनं सुद्धा.

त्या रात्रीपासून मी भाकरी थापणं सोडलं. सुनेला सांगितलं, हात दुखतो. नातीच्या ताटाला हात लावायचे नाही. कॉलेजातली फिनेलची बाटली घरी आणली आणि सकाळ संध्याकाळ हात धुवायचे. कातडी फुटली, भेगांतून रक्त आलं. तरी मला वास यायचा. मासळीचा, शेणाचा, त्या प्लेटचा. एसटीत दांडा धरायचे नाही. मला माझ्या हाताची किळस आली. हे सांगताना ते सगळ्यात घाण वाटतं. प्लेट नाही. मी ते मान्य केलं, ते.

पंधरा दिवस असे गेले असतील.

मग एक दिवस नव्या पोरांचं प्रॅक्टिकल झालं. दर वर्षी होतं. प्रत्येक जण स्वतःची बोटं प्लेटवर टेकवतो, दोन दिवसांनी काय उगवतं ते वहीत काढतो. एकवीस वर्षं मी त्या प्लेटा गोळा करत आले. त्या वेळीही ट्रॉलीवर चाळीसेक प्लेटा माझ्याकडं आल्या. वापरलेली प्लेट कुकरमध्ये घालून मगच फेकायची, असा नियम भिंतीवर लावलेला आहे. खाली सरांची सही आहे. म्हणून मी एकेक उचलून कुकरमध्ये रचायला लागले.

पांढरे डाग. पिवळे डाग. नारिंगी. कडेला ओघळ.

सगळ्यांचे.

नखाला रंग लावणाऱ्यांचे, अंगठी घालणाऱ्यांचे, खिशात सॅनिटायझर ठेवणाऱ्यांचे. प्रत्येक प्लेट माझ्याच प्लेटसारखी. शेकडो हात मी आजवर कुकरमध्ये घातले आणि माझ्याच वेळेला विसरले.

मी वरच्या प्लेटला पट्टी लावली, कुकरचं झाकण आवळलं आणि स्टुलावर बसले. काटा चढत होता. त्या काट्याकडं बघता बघता दुसरी गोष्ट डोक्यात आली. ती इतकी साधी होती की मला स्वतःचा राग आला. बाटल्या मी धुते. धुतल्यावर त्या या कुकरमध्ये जातात. माझा हात कितीही घाण असू दे, शेणात बुडवून आणलेला असू दे, तो या वाफेत मरतो. त्यानंतर बाटली मी उघडत नाही. पोरं उघडतात. सर उघडतात.

सरांना हे माहीत नव्हतं, असं नाही. हेच ते शिकवतात. पहिल्या महिन्यात. मी दाराशी उभं राहून ऐकलेलं आहे.

माहीत असून माझा हात दाबला. आणि बावीस पोरांना माहीत होतं. माहीत असून हसली.

वेळ झाली तसा काटा खाली येऊ दिला. झाकण उघडलं. पट्टी काळी झाली होती.

दुसऱ्या दिवशी फिनेलची बाटली परत नेऊन ठेवली. वही पिशवीत घातली. सरांचा तास चालू होता, कपाट उघडं होतं आणि माझी प्लेट टेबलावर. आता दोन्ही वर्ग एकत्र बसवून दाखवत होते. पुढच्या बाकावर तोच पोरगा. ऋतुजा खिडकीशी.

मी आत गेले.

"मावशी, तास चालू आहे."

"दिसतंय सर. म्हणूनच आले."

सरांनी हसून वर्गाकडं पाहिलं. मीही वर्गाकडं पाहिलं आणि विचारलं, "बाटली मी धुते. धुतल्यावर ती कुठं जाती?"

पुढच्या बाकावरची एक चष्मेवाली पोरगी पटकन म्हणाली, "ऑटोक्लेव्हमध्ये." परीक्षेत विचारल्यासारखी.

"किती वेळ?"

"पंधरा मिनिटं." मग तिच्या लक्षात आलं आणि तिनं मान खाली घातली.

"पंधरा मिनिटांनी माझा हात उरतो का त्याच्यात?"

मी सरांकडं वळले.

"मग कुकरनंतर हात कुणाचे?"

सर म्हणाले, "कुकर तुम्ही नीट लावला होता की नाही, कोण सांगणार?"

मी वही उघडून त्यांच्यासमोर ठेवली. त्या तारखेचं पान. पट्टीवर काळ्या रेघा.

"अशा पट्ट्या कुणीही चिकटवेल, मावशी."

"चिकटवंल. पण काळी कुणाला करता येत नाय सर. ती वाफच करती."

मागून कुणीतरी हसलं. या वेळी माझ्यावर नाही. सरांचा चेहरा बदलला.

"आता दुसरं," मी म्हणाले. "पाण्याच्या पेटीत मासे कुणी ठेवले?"

"कसले मासे?"

"रोहू. खवले निघाले पेटीत."

"कुठं आहेत खवले? आहे पुरावा?"

"नाय. धुऊन टाकले. ती माझी चूक. मी सांगितली. तुमची तुम्ही सांगा."

पुढच्या बाकावरचा पोरगा टेबलावर नखानं रेघा ओढत होता. त्याला मी काही विचारलं नाही. मला त्याची गरज नव्हती. कपाटातून मी एक कोरी प्लेट घेतली, झाकण काढलं आणि सरांसमोर सरकवली.

"हात ठेवा सर. उजवा. धुतला नसला तरी चालंल."

सरांनी दोन्ही हात खिशात घातले. मी ते पाहिलं, आणि पोरांनीही पाहिलं. पुरुषाचे हात इतक्या पटकन खिशात गेलेले मी कधी पाहिले नव्हते.

"वयाचा मान ठेवतोय म्हणून बोलत नाही," ते म्हणाले. "बाहेर व्हा."

"जाते. आधी माझं घेऊन जाते."

मी टेबलावरची माझी प्लेट उचलली. ते म्हणाले, "ती डिपार्टमेंटची आहे." मी भिंतीकडं बोट दाखवलं. वापरलेली प्लेट कुकरमध्ये घालून मगच फेकावी. खाली सही. मग कुकरच्या खोलीत जाऊन तिला पट्टी लावली, आत ठेवलं, झाकण आवळलं. पंधरा मिनिटं तिथंच बसले. कुणी अडवायला आलं नाही. ती पट्टीही मी वहीत चिकटवली. खाली तारीख घातली आणि लिहिलं, "माझा हात."

महिनाअखेरीस एजन्सीचा फोन आला, उद्यापासून येऊ नका. कारण सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

गेटवर ऋतुजा भेटली. रडत होती. "मावशी, सरांनी माझा विषय बदलला. आता धरणातलं शेवाळ दिलंय. मासे त्यांनीच घ्यायला लावले होते, मला माहीत होतं. पण मी बोलले तर माझं वर्ष जाईल."

"मला कशाला सांगतीस? वर्गात सांगायचं होतं."

"तुम्ही रागावलात का?"

"व्हय," मी म्हणाले आणि रस्ता ओलांडला. लोक सांगतात अशा वेळी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवावा. मी फिरवला नाही. तिचं एक वर्ष होतं. माझ्या नातीचं लिव्हर होतं.

पत्रातली ती ओळ कॉलेजनं मागं घेतली नाही. मी अर्ज दिला, त्याची पोच आहे, उत्तर नाही. पण विहीर काही सरांच्या बापाची नाही. सरकारी प्रयोगशाळा शहरातच आहे. पाणी तपासून द्यायचं तिचं कामच आहे. हे मला एकवीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी चौकशी करत करत गेले. त्यांनी बाटली दिली, कुकरमधून काढलेली, कागद बांधलेली. पट्टी काळी आहे का, ते मी आधी पाहिलं. खिडकीतला पोरगा म्हणाला, "हे तुम्हाला कसं माहीत?"

विहिरीवर सगळ्या बायकांसमोर मी बाटली भरली. बुच कसं धरायचं, काठाला बोट कसं लागू द्यायचं नाही, पाणी काठोकाठ का भरायचं नाही, सगळं बोलून दाखवलं. गंगूनं दोर धरला. थर्माकोलच्या पेटीत बर्फ मी घरचाच नेला, उकळलेल्या पाण्याचा, तोंड बांधलेल्या पिशवीत, म्हणजे वितळला तरी बाहेर येणार नाही. दुपारच्या आत पोचवली. पेटीत दुसरं काही नव्हतं.

फॉर्म भरताना त्या पोरानं विचारलं, "नमुना घेणाऱ्याचा हुद्दा?"

"लिही, पाणी पिणारी."

"असा हुद्दा नसतो मावशी."

"मग रिकामा ठेव."

निकाल आला. पिण्यास अयोग्य. मराठीत, शिक्का मारलेला. मी तो पारावर वाचला, ग्रामसेवकाच्या पत्रापेक्षा मोठ्यानं. त्यानं कागद घेतला आणि म्हणाला, वर पाठवतो. पुढच्या महिन्यात मी पुन्हा बाटली नेली. अयोग्य. त्याच्या पुढच्या महिन्यातही. तो आता मला पाहिलं की मोटारसायकल वळवतो. टाकी अजून हललेली नाही. पाणी आम्ही उकळून पितो आणि उकळलेल्या घाणीची चव काय असते, ते मी कुणालाही सांगू शकते.

भाकरी मीच थापते. हात भेगाळलेले आहेत, फिनेलनं झालेले ते भरून आले नाहीत. असू देत.

टाकी हलेपर्यंत दर महिन्याला एक बाटली जाणार. प्रत्येक निकाल वहीत चिकटणार, पट्ट्या संपतात त्याच्या पुढच्या पानापासून. वही भरली की दुसरी घेईन. ग्रामसेवक बदलला तर नव्याला पहिल्यापासून वाचून दाखवीन. सरांना एक प्रत टपालानं पाठवते, दर महिन्याला, कॉलेजच्या पत्त्यावर. आत चिठ्ठी नसते. नुसता निकाल आणि खाली नमुना घेणाऱ्याची सही.

सही माझी असते. मी चौसष्ट वर्षांची, चौथी शिकलेली, बाटल्या धुणारी बाई. तो उजवा हात माझा होता.